यात्रेला गेला आणि नदीचा काठ खणू लागला: ऋणमोचनचे गाडगेबाबा

२० डिसेंबर ही संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्या दिवशी गावोगावच्या शाळांत पोरं झाडू हातात घेऊन उभी राहतात, ग्रामपंचायतीत फोटोला हार पडतो, मोबाईलवर दिवसभर स्टेटस फिरतात. बाबांचा खराटा आणि डोक्यावरचं गाडगं सगळ्यांना माहीत आहे. पण बाबांचं काम सुरू झालं ते एका नदीच्या यात्रेत, आंघोळीला आलेल्या गर्दीत, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

ते गाव म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं भातकुली तालुक्यातलं ऋणमोचन. पूर्णा नदीच्या काठावर वसलेलं. पूर्णा सातपुड्यात निघते, अमरावती, अकोला, बुलडाणा असं करत जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तेच पाणी पुढं सारंगखेड्याला येतं, प्रकाशाला येतं. प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यातली घरंच्या घरं तापी-गोमाईच्या संगमावर अस्थी घेऊन जातात, महाशिवरात्रीला आणि पर्वणीला तिथं आंघोळ करतात. त्या आंघोळीत थोडं का होईना ऋणमोचनचं पाणी असतंच.

ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. पौष महिन्यातल्या रविवारी इथं पूर्णेत आंघोळ करून मुद्गलेश्वराचं दर्शन घेतलं की माणूस ऋणातून मोकळा होतो, अशी वऱ्हाडातल्या लोकांची जुनी श्रद्धा. शास्त्रात ऋण तीन सांगितली आहेत, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. पण यात्रेला बैलगाडी जुंपून येणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यात चौथंच ऋण असायचं, सावकाराचं. आणि ज्या माणसानं पुढं या काठावर टिकाव मारला त्याच्या घराचं तर कर्जानंच वाटोळं झालं होतं.

देबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचं मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. जातीनं परीट. वडील झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं. देवाला बोकड, सोबतीला दारू, पाहुणे आले की दारू, मयत झालं तरी दारू. त्या काळी ही रीतच होती, एकट्या झिंगराजींची काही नव्हती. घरची स्थिती खालावत गेली, शरीर पोखरलं आणि १८८४ मध्ये झिंगराजी गेले. देबू तेव्हा आठ वर्षांचा. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी गेली, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला.

दापुऱ्याला आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांचं शेतकरी घर. देबूला शाळा माहीतच नाही. पहाटे उठायचं, गोठा साफ करायचा, गुरं रानात न्यायची, संध्याकाळी परत. थोडा मोठा झाल्यावर औत हाती आलं आणि पोरगं शेतीत असं रमलं की मामानं हळूहळू सगळं त्याच्यावर सोपवलं. रात्री गावातली पोरं जमवून भजन. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. सगळं सरळ चाललं होतं.

मग सावकाराचं प्रकरण आलं. मामा चंद्रभान लिहिता-वाचता न येणारा, साधा माणूस. सावकार सांगेल तिथं अंगठा उठवायचा. पीक आलं की सावकाराकडं जायचं, पण पावती मागायची पद्धत नाही. आपण फेडत आहोत असं मामाला वाटायचं आणि तिकडं वहीत आकडा वाढत जायचा. शेवटी चांगली जमीन सावकाराच्या नावावर निघाली. त्या धक्क्यानं मामानं अंथरूण धरलं आणि तो त्यातच गेला. चरित्रांत पुढं असं येतं की सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा देबू औत घेऊन शेतात उभा राहिला आणि त्यानं त्यांना हुसकून लावलं. या माणसाला पुढं लोक संत म्हणाले, पण त्या दिवशी तो शेताच्या बांधावर काठी घेऊन उभा राहिलेला शेतकरी होता. ज्याचा सातबारा कधी दुसऱ्याच्या दारात गेला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

याच काळात देबूनं आणखी एक गोष्ट केली, जी त्या वेळी काठी उगारण्यापेक्षाही अवघड होती. पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांना मटण-दारू देण्याची रीत त्यानं मोडली आणि गोड जेवण घातलं. भाऊबंद चिडले, कुरकुर केली. देबू ऐकला नाही. बाप कशानं गेला हे त्यानं पाहिलं होतं.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे देबूजीनं घर सोडलं. वय अठ्ठावीस. घरात म्हातारी आई, दोन लहान मुली आणि कुंताबाई, ज्या त्या वेळी गरोदर होत्या. या घटनेचं नुसतं कौतुक करून पुढं जाता येत नाही. बाबा मोठे झाले, पण त्यांनी मागं ठेवलेला संसार दोन बायकांनी ओढला, ही गोष्ट पुण्यतिथीच्या भाषणात क्वचितच येते. कुंताबाईंनी पुढं आयुष्यभर झोपडीत दिवस काढले. नवऱ्यानं लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांच्या पक्क्या खोल्यांत घरच्यांना हक्कानं राहू दिलं नाही.

घर सोडल्यावर बारा वर्षं भटकंती. अंगावर चिंध्या जोडून केलेलं कापड, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि गाडगं. तेच गाडगं भाकरी मागायला, तेच पाणी प्यायला, तेच उन्हात डोक्यावर. गावात शिरलं की आधी झाडायला लागायचं. कुणाच्या शेतात काम अडलं असेल तर न बोलता हात लावायचा आणि मालक भाकर घेऊन येईपर्यंत निघून जायचं. काही गावांनी वेडा समजून हाकलून दिलं. कुणी गाडगेबुवा म्हटलं, कुणी चिंधेबुवा. परटाचं पोर, मळ काढणं हे त्याच्या जातीचं पिढीजात काम. त्यानं ते कपड्यांवरून रस्त्यावर आणलं, एवढाच फरक.

या भटकंतीत पाय पुन्हा पूर्णेकाठी वळले. ऋणमोचनची यात्रा लहानपणापासून ओळखीची होती. पहिल्या मुलाचं नावही मुद्गल ठेवलं होतं, ते पोर लहानपणीच गेलं. आता यात्रेत हा चिंध्यांतला माणूस आला तेव्हा त्याचं लक्ष गेलं ते काठाकडं.

पूर्णेचा काठ ज्यानं पाहिला असेल त्याला कळेल. खोल काळी, गाळाची जमीन. नदी खाली आणि काठ वर, मधे उभा उतार. कोरडी असली तर माती भुसभुशीत आणि ओली झाली की साबणासारखी. आता यात्रेचा विचार करा. पौषातली थंडी, पहाटेची वेळ, हजार माणूस खाली उतरतंय, हजार माणूस ओल्या लुगड्या-धोतरांनी वर चढतंय. वर येणाऱ्याच्या अंगावरचं पाणी उतारावर गळतंय आणि घडीभरात सगळा उतार चिखलाचा. म्हातारी माणसं घसरायची, कडेवर पोर घेतलेल्या बाया पडायच्या. पुण्य घ्यायला आलेला माणूस हात-पाय मोडून गाडीत पडून घरी जायचा. आणि दरवर्षी हे होत असूनही कुणाला त्यात काही करण्यासारखं दिसत नव्हतं. पडला तर त्याचं नशीब.

गाडगेबाबांनी टिकाव-फावडं घेतलं आणि उतार खणायला सुरुवात केली. माती काढायची, टप्पे पाडायचे, दाबून बसवायचे. लोक आंघोळ करून, दर्शन घेऊन, नारळ-प्रसाद घेऊन बाजूनं जात होते आणि हा माणूस माती ओढत होता. आधी लोकांनी पाहिलं, मग हसले, मग काहींनी घमेलं उचललं. शेतकऱ्याला मातीचं काम सांगावं लागत नाही, कुणीतरी आधी सुरुवात करावी लागते. एका यात्रेत झालं नाही. पावसाळ्यात पूर यायचा आणि कच्चं काम वाहून जायचं. पुढच्या पौषात पुन्हा टिकाव. शेवटी लोकांनीच वर्गणी काढली आणि १९०८ च्या सुमारास पूर्णेवर पक्का घाट उभा राहिला. गाडगेबाबांच्या हातून उभं राहिलेलं हे पहिलं मोठं सार्वजनिक बांधकाम. एक पैसाही स्वतःच्या हाती न ठेवता लोकांकडून लोकांचं काम कसं करून घ्यायचं, ही पुढच्या पन्नास वर्षांची रीत इथंच बसली.

या यात्रेत आई आणि बायको यांची गाठ पडल्याचं चरित्रकार सांगतात. गावच्या कुणीतरी ओळखलं, हा तर दापुऱ्याचा देबू. सखुबाई धावत आली, कुंताबाई लहानग्या गोविंदाला घेऊन आली. पोरगा जिवंत आहे यावर आईचा विश्वास बसेना. त्या काठावर माय-लेकरांत काय बोलणं झालं ते ज्याचं त्यानं समजावं. बाबा घरी परतले नाहीत, हे खरं.

ऋणमोचनला दरवर्षी जाण्याचा नेम मात्र त्यांनी सोडला नाही. यात्रेत आंधळे, लुळे-पांगळे, महारोगी ओळीनं बसायचे. लोक त्यांच्यापुढं चार दाणे टाकून पुण्य घ्यायचे. बाबांनी त्यांना पंगतीत बसवून पोटभर जेवण घालायला सुरुवात केली.

ऋणमोचनहून ते पंढरपूरला गेले तेव्हा तिथं हेच सगळं शंभर पटीनं मोठं होतं. आषाढीची गर्दी, चंद्रभागेचं वाळवंट आणि त्या वाळवंटात यात्रेकरूंनी केलेली घाण. त्या काळी पंढरपूरची वारी आणि पटकीची साथ यांचं जुनं नातं होतं. वारीहून परतलेला माणूस आजार घेऊन गावात यायचा. बाबा वारीत वाळवंट झाडायचे. त्यांनी कित्येक वाऱ्या केल्या, पण ते विठ्ठलाच्या देवळात दर्शनाला गेले नाहीत असंच सगळे सांगतात. रात्री त्याच वाळवंटात कीर्तन व्हायचं. कीर्तन कसलं, प्रश्नांचा मारा. बाबा विचारायचे आणि हजारो लोक एका आवाजात उत्तर द्यायचे. भाषा अस्सल वऱ्हाडी. हसवता हसवता सालटी काढायची.

कीर्तनात पुन्हा पुन्हा यायचं ते कर्ज. लग्नाला कर्ज काढू नका, तेराव्याला काढू नका, देवाच्या नवसाला काढू नका, तीर्थाला जायला काढू नका. भांडी नसतील तर हातावर भाकर खा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांच्या सांगण्याचा सारांश. अंगठा उठवणाऱ्या मामाचं काय झालं हे ज्यानं पाहिलं, त्याला शाळेचं महत्त्व कुणा पुढाऱ्यानं शिकवायची गरज नव्हती. स्वतः बाबा शेवटपर्यंत निरक्षरच राहिले.

तीर्थाच्या पाण्याबद्दलची एक गोष्ट तर सगळीकडं सांगितली जाते. नदीत उभं राहून लोक पितरांना ओंजळीनं पाणी देत होते. बाबाही पाण्यात उतरले आणि काठाकडं ओंजळी फेकू लागले. लोकांनी विचारलं तर म्हणे, वऱ्हाडातल्या शेताला पाणी देतोय. लोक हसले. इतक्या लांब पाणी कसं जाईल? मग तुमचं स्वर्गात कसं जातं, असा बाबांचा उलटा सवाल. हीच गोष्ट गुरू नानकांचीही सांगतात, ती त्यांच्या काळापासून चालत आलेली आहे. बाबांच्या बाबतीत ती घडली की लोकांनी जोडली हे बाजूला ठेवलं तरी ती बाबांना शोभते, म्हणूनच टिकली.

पंढरपुरात बाबांना आणखी एक गोष्ट दिसली. अस्पृश्य मानलेल्या जातींचे वारकरी आषाढीच्या पावसात उघड्यावर भिजत पडायचे. कुठल्याही धर्मशाळेत त्यांना जागा नव्हती. देवळात तर प्रवेशच नव्हता, तो मिळायला १९४७ उजाडलं, आणि त्यासाठी खान्देशात अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. बाबांनी त्याच्या तीस वर्षं आधी, १९१७ मध्ये, पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. लोकवर्गणीतून उभी राहिलेली ही वास्तू १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एवढी मोठी मालमत्ता द्यायची तर आंबेडकरांना द्यायची, म्हणजे तिथं पोरं शिकतील, हा साधा हिशेब.

पंढरपूरनंतर नाशिक, देहू, आळंदी. जिथं नदी आणि गर्दी, तिथं बाबांची धर्मशाळा. नाशिकला गोदावरीवर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, पण गरीब यात्रेकरू बारा महिने येतच असतो. अस्थी घेऊन आलेला, पिंडदानाला आलेला, खिशात परतीचं भाडं तेवढं उरलेला. त्याला रात्री टेकायला छप्पर, स्वयंपाकाला जागा आणि भांडी मिळावीत, पुजाऱ्या-दलालांच्या हाती तो सापडू नये, ही त्या धर्मशाळांमागची कल्पना. कोणत्याही जातीचा माणूस चालायचा.

गर्दीच्या आंघोळीत माणूस मरतो तो बहुतेक वेळा पाण्यात मरत नाही, वाटेवर मरतो. २००३ च्या नाशिक सिंहस्थात रामकुंडाकडं जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून जास्त भाविक गेले. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजला मौनी अमावस्येच्या पहाटे तेच घडलं, सरकारी आकडा तीसचा. ऋणमोचनच्या निसरड्या उतारावर एका अडाणी परटाला जे दिसलं होतं, ते हेच. आता नाशिक-त्र्यंबकेश्वरचा पुढचा सिंहस्थ आला आहे. नंदुरबारहून गाड्या भरून जातील, ट्रॅव्हल्सचे बोर्ड लागतील. जाणाऱ्यानं अवश्य जावं. म्हाताऱ्या माणसाला मुख्य दिवशी न नेता दोन दिवस मागं-पुढं नेलं तर देव काही रागवत नाही.

बाबांच्या काळातच इकडं सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यात मोरवडला, गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासी भावांना दारू सोडायला, रोज आंघोळ करायला, एकमेकांना आप म्हणायला सांगितलं आणि त्यांच्या आरतीला अफाट गर्दी लोटू लागली. दोघांची वाट वेगळी, बोली वेगळी. पण दारू आणि सावकार हे दोन शत्रू पूर्णेकाठी होते तसेच तापीकाठीही होते.

१९२३ मध्ये बाबांचा एकुलता एक राहिलेला मुलगा गोविंदा पिसाळलेलं कुत्रं चावून गेला. बाबा तेव्हा दूर कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. निरोप आला, त्यांनी ऐकला आणि कीर्तन पुढं चालू ठेवलं. हा प्रसंग मोठ्या वैराग्याचा म्हणून सांगतात. तो तसा असेलही. घरी कुंताबाई होत्या.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी सगळ्या संस्था एकत्र करून गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेलं बाबांचं चरित्र आलं. बाबांच्या नावावर एक गुंठा जमीन नव्हती, आणि संस्थांच्या कारभारात नातलगांना जागा ठेवली नव्हती. आजचे विश्वस्त मंडळांचे वाद पाहिले की त्यांनी आधीच काय ओळखलं होतं ते समजतं.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर त्यांचं शेवटचं मोठं कीर्तन झालं. तब्येत ढासळलेली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुढच्या चौदा दिवसांत बाबाही गेले. २० डिसेंबरला मध्यरात्रीनंतर त्यांना गाडीतून अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. वय ऐंशी. ही पेढी पुढं पूर्णेलाच मिळते. अंत्यसंस्कार अमरावतीत झाले, ती जागा आज गाडगेनगर म्हणून ओळखली जाते. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ज्यांनी आयुष्यात शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता.

ऋणमोचनची यात्रा अजून पौषातल्या रविवारी भरते. पुण्यतिथीनंतर लवकरच पौष लागतो. सुरत-अमरावती रेल्वे नंदुरबारवरून जाते, अमरावतीहून पुढं भातकुलीच्या बाजूला गाव आहे. थंडी कडक असते, म्हाताऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी पांघरुणं सोबत ठेवावीत आणि परतताना आपला कचरा, फुलं आणि प्लास्टिक नदीत न टाकता पिशवीत भरून आणावं.